खंडेनवमीची हातोडी

बिडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं, चाक चांगलं की वाईट, हे आमच्या कारखान्यात कानानं ठरायचं. चाक साखळीला टांगायचं, पाव किलोची हातोडी घ्यायची, कडेवर एक टोला द्यायचा आणि ऐकायचं. चांगलं चाक टण्णकन वाजतं आणि आवाज थोडा वेळ रेंगाळतो. ओतल्यावर गार होताना आत कुठं चीर पडली असेल तर बद्दकन वाजतं आणि लगेच गप्प होतं. एवढीच विद्या. मी ती सहा महिन्यांत शिकलो आणि पुढची वीस वर्षं तिच्यावर पगार घेतला.

कारखाना उद्यमनगरात होता. आम्ही कडबाकुट्टीची यंत्रं करायचो. यंत्राच्या तोंडातून कडबा आत सरकवायचा, पलीकडं मोटरीवर एक जड चाक गरगर फिरत असतं, चाकाच्या आऱ्यांना दोन पाती बोल्टानं बसवलेली असतात, ती कडब्याचे बारीक तुकडे करतात. जिल्ह्यात दूध वाढत होतं, म्हशी वाढत होत्या, त्यामुळं आमची यंत्रं बरी खपत. मी तिथला इन्स्पेक्टर. हा हुद्दा ऐकून माझ्या सासऱ्यांनी आधी पोलिसातलं स्थळ समजून होकार दिला होता, आणि खरं कळल्यावरही तो मागं घेतला नाही, हे त्यांचे उपकार.

माझ्याकडं एक लांबट रजिस्टर असे. प्रत्येक चाकाला एक ओळ. क्रमांक, माप, तोल, आवाज. चार रकाने आणि शेवटी माझी सही. ‘आवाज’ या रकान्यात मी ‘ठीक’ असं लिहायचो. नापास चाक परत भट्टीत जायचं. माझ्या अक्षराचा मला गर्व होता, हे आता सांगायलाही नको वाटतं.

आमच्याकडं खंडेनवमी मोठी. वर्षभर धूळ खाणारा कारखाना त्या दिवशी धुऊन निघायचा. मोठे मेस्त्री, म्हणजे आमचे मुख्य साचेकार, पहाटे आंघोळ करून यायचे आणि झाडून सगळी हत्यारं गोळा करून पाटावर मांडायचे. पाने, कानशी, छिन्न्या, मोजपट्ट्या आणि सगळ्या हातोड्या. कारखान्यात चाळीसेक हातोड्या असतील, त्यातली एकसुद्धा सुटायची नाही. हळदकुंकू, झेंडूची फुलं, नारळ. आणि एकदा मांडली की दसऱ्याच्या संध्याकाळी सोनं लुटून येईपर्यंत हत्याराला हात लावायचा नाही. वर्षभर राबतं ते, दोन दिवस तरी त्याला बसू द्या, असं मेस्त्री म्हणायचे. मालकही पाळायचे. मीही पाळायचो, आणि मनापासून पाळायचो.

पण गिऱ्हाइकाचा मुहूर्त असतो दसऱ्याचाच. यंत्र दसऱ्याला घरी आलं पाहिजे. म्हणून आम्ही ती सगळी यंत्रं आधीच तयार करून, तपासून, रंगवून ठेवायचो, आणि दसऱ्याच्या सकाळी फक्त हार घालून टेंपोत चढवायचं काम उरायचं.

आणीबाणी उठली त्या वर्षीचा दसरा. सकाळी नऊच्या सुमारास मुरगूडकडचा एक शेतकरी टेंपो घेऊन आला. बरोबर त्याची बायको. बायका सहसा येत नसत, पण म्हशी हिच्या होत्या आणि यंत्र हिनंच ठरवलं होतं, असं तो कौतुकानं सांगत होता. आणि त्याच्या नावाचं यंत्र जागेवर नव्हतं. पहाटेच्या गडबडीत ते दुसऱ्याच कुणाच्या टेंपोत गेलं होतं. मालक माझ्यावर ओरडले, मी हमालांवर ओरडलो. शेवटी एक अर्धवट जोडकाम होतं, अष्टमीला भट्टीतून निघालेलं, लेथवर कातलेलं एक चाक त्याच संध्याकाळी त्याच्या सांगाड्यावर चढवलेलं होतं, तेच द्यायचं ठरलं. बोल्टही तेव्हाच पान्यानं आवळून ठेवलेले होते, म्हणजे हत्याराला हात लावायचीही गरज नव्हती. नियम मोडला नाही याचा आम्हाला आनंद झाला.

त्या चाकाचा आवाज घेतला नव्हता. मला ते माहीत होतं. पाटाकडं बघितल्याचंही मला आठवतं. माझी हातोडी पुढच्याच रांगेत होती, तिच्या दांड्याला कुंकवाचं बोट होतं.

इथं मी देवाला मध्ये घालतोय असं कुणाला वाटेल, म्हणून सांगतो. हातोडीच लागते असं काही नव्हतं. अंगणात दगड पडले होते. खिशात घराची किल्ली होती. नुसत्या बोटाच्या पेरानं वाजवलं असतं तरी चांगल्या कानाला कळलं असतं, आणि माझा कान चांगला होता. मी ते केलं नाही, कारण दसरा होता, टेंपोवाला घाई करत होता, आणि तोवर दोनशेत एखादंच चाक नापास होई. मी हळदीत अंगठा बुडवला आणि चाकाच्या कडेवर स्वस्तिक काढलं. त्या बाईनं वाकून यंत्राला नमस्कार केला आणि मग, मी काही फार मोठं केल्यासारखं, मलाही केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी हातोडी हातात आली. उरलेली सगळी चाकं मी एकापाठोपाठ वाजवली. मुरगूडला एसटीनं जायला फार तर दोन तास. हातोडी पिशवीत टाकून जाऊन यावं, असं मनात आलं होतं. पण घरी बहीण आलेली होती. मी रजिस्टर उघडलं, त्या चाकाची ओळ भरली, आणि ‘आवाज’ या रकान्यात ‘ठीक’ लिहिलं.

दिवाळी झाल्यावर तो शेतकरी परत आला. एकटाच. खांद्यावर पोतं होतं. त्यानं ते ऑफिसच्या फरशीवर ओतलं. चाकाचे तीन तुकडे.

“आमच्या मालकिणीचा हात गेला, सायेब,” तो म्हणाला. “उजवा. दवाखान्यात मनगटापास्नं काढला.”

मालक उठून उभे राहिले. चांगला माणूस होता तो, हे मी आजही म्हणेन. त्यांनी त्याला बसवलं, पाणी दिलं. मग मला म्हणाले, “बघा हो, काय झालंय ते.”

मी उकिडवा बसलो आणि तुकडा हातात घेतला. बीड ताजं मोडलं की मोडलेली बाजू राखाडी असते, चमकते. या तुकड्याची अर्धी बाजू तशी होती. उरलेली अर्धी काळी होती. काळी म्हणजे तिथं चीर आधीपासून होती, ओतल्या दिवसापासून. अर्ध्या बळावर ते चाक महिनाभर फिरलं आणि मग फुटलं. ते वाचायला कुणी मोठा इंजिनिअर लागत नाही.

मेस्त्रीही आले होते. त्यांनी काळ्या भागावरून अंगठा फिरवला, अंगठ्याकडं बघितलं आणि मला हळू आवाजात विचारलं, “वाजवलंतासा न्हवं?”

“हो,” मी म्हणालो.

मग शेतकऱ्याला विचारलं, “हातात काय होतं त्यांच्या? बांगडी वगैरे?”

“चांदीचा गोठ असतोय की.” गोठ म्हणजे मनगटातलं जाड, भरीव कडं.

“मग झालं तर,” मी म्हणालो. “हात आत गेला असणार. गोठ पात्यात अडकला. त्या झटक्यानं चाक मोडलं.”

हे इतक्या सहज कसं सुचलं, मला माहीत नाही. चांदी बिडापुढं किती मऊ असते, हे मला माहीत होतं आणि मेस्त्रींनाही. ते बाहेर निघून गेले. शेतकऱ्यानं मान हलवली. त्याला माझं पटलं, कारण मी रजिस्टर उघडून त्याला ‘ठीक’ दाखवलं. मालकांनाही पटलं, किंवा त्यांना पटायला हवं होतं. “सगळ्याच बायका हात घालतात हो,” ते म्हणाले. “किती सांगायचं?” आम्ही कुणालाच कधी काही सांगितलेलं नव्हतं. यंत्राबरोबर एक कागद जायचा, त्यावर रोज तेल घालावे एवढंच छापलं होतं. मालकांनी त्याला नवं चाक फुकट दिलं. ते मी तीनदा वाजवलं.

महिनाभरानं त्याची बायको स्वतः आली. उजवा हात पदराखाली. नवरा बाहेर टेंपोपाशी उभा राहिला, आत आला नाही. ती माझ्या टेबलापाशी आली आणि उभ्या उभ्याच बोलली.

“दादा, मी हात घातला न्हवता. माझा हात भाईरच हुता, पेंडी धरून. आदी आवाज झाला मोठ्ठा, मग माझ्या हातावर आलं. घरात कुणी आईकना झालंय. सासू म्हंती, धांदरटपणा केलास. आमचं मालक म्हंत्यात, कारखान्यातल्या सायबानं वहीत बघून सांगितलंय.”

मी म्हणालो, “गोठ अडकला असणार, वहिनी.”

तिनं डावा हात पुढं केला. मनगटात चांदीचा गोठ होता.

“ह्यो एकच हाय माझ्याकडं. ह्येचा जोड नणंदंच्या लग्नात मोडला. उजव्या हातात माझ्या काचंच्या बांगड्या हुत्या निस्त्या.” मग म्हणाली, “मला दुसरं काय नगो. चाक आदी मोडलं का हात आदी गेला, तेवढं माझ्या मालकास्नी सांगा. भाईर उभं हाईत.”

दारातून तिचा नवरा दिसत होता. वीस पावलं असतील. मी उठून गेलो असतो आणि तीन शब्द बोललो असतो तर काम झालं असतं. नोकरी गेली असती का? कदाचित नसती. मालक रागावले असते, मेस्त्रींनी माझ्याकडं नीट बघितलं नसतं, आणि माझ्या सुंदर अक्षरातल्या रजिस्टरवर कुणी विश्वास ठेवला नसता. एवढ्यासाठी मी म्हणालो, “असं नक्की सांगता येत नाही, वहिनी.”

ती “बरं,” म्हणाली आणि गेली.

ते तीन तुकडे आठवडाभर ऑफिसच्या कोपऱ्यात होते. मग एका सकाळी मी ते स्वतः उचलून भट्टीच्या भंगारात टाकले. हमालाला सांगितलं असतं तर त्यानंही टाकले असते. दुपारपर्यंत त्यांचा रस झाला आणि त्याची दुसरी चाकं ओतली गेली. मेस्त्रींनी त्यानंतर कितीतरी महिने वाळूचं मिश्रण बदलून बदलून बघितलं. वाजवून ठीक निघालेलं चाक असं फुटलंच कसं, हे कोडं त्यांना सुटत नव्हतं. आपल्या साच्यातच काही खोट आहे असं मनात घेऊन ते निवृत्त झाले. त्यांनाही मी काही सांगितलं नाही.

वर्षं गेली. ग्राहकांसाठी नवा कायदा आला आणि कारखानदारांमध्ये घबराट पसरली. समजावून सांगायला एका सभागृहात एका वकीलबाईंचं व्याख्यान ठेवलं होतं. मालकांनी मला पाठवलं. मी पाठीमागं बसलो.

बाई तरुण होत्या, पण स्पष्ट बोलत होत्या. वस्तू सदोष म्हणजे काय, इथून त्यांनी सुरुवात केली. आपल्या कायद्यात याची फार फोड केलेली नाही, पण बाहेरच्या देशांतली न्यायालयं दोषाचे तीन प्रकार मानतात, असं त्या म्हणाल्या. एक, बनवतानाच राहिलेली खोट. बाकीच्या हजार वस्तू चांगल्या आणि ही एक बिघडलेली. दुसरा, आराखड्यातला दोष, म्हणजे हजारच्या हजार वस्तू धोक्याच्या. आणि तिसरा, धोका माहीत असून गिऱ्हाइकाला न सांगणं.

मी मनात आमचं यंत्र उघडून बसलो होतो. चीर हा पहिला दोष. चाकावर पत्र्याचं झाकण असतं तर फुटलेला तुकडा आतच अडला असता. झाकण पहिल्या नकाशात होतं, पाती काढायला अडचण होते म्हणून आम्हीच ते काढून टाकलं. हा दुसरा. तेल घालावे एवढंच छापलेला कागद हा तिसरा. एकाच यंत्रात तिन्ही दोष, आणि आम्ही एका बाईला धांदरट म्हणून मोकळे झालो होतो.

पुढच्या रांगेतून कुणीतरी विचारलं, “पण गिऱ्हाईकच हात घालायला लागलं तर आम्ही काय करायचं?”

“लोक हात घालणार हे तुम्हाला आधीपासून दिसत असेल, तर ती एकट्या गिऱ्हाइकाची चूक राहत नाही,” बाई म्हणाल्या. “आणि ही सगळी चर्चा आधी वस्तूबद्दल करायची असते, माणसाबद्दल नाही. म्हणून मोडलेला तुकडा जपून ठेवा. खरं काय घडलं ते तोच सांगतो.”

मला तिथं बसवेना. चहा न घेता बाहेर आलो. कायद्यानं मला आता कुणी काही करणार नव्हतं, एवढं जुनं प्रकरण कोण उकरतो? पण मुरगूडची ती बाई काय म्हणाली होती तेच डोक्यात घुमत राहिलं. तिनं भरपाई मागितली नव्हती. तिला एक वाक्य हवं होतं.

पुढच्या रविवारी मी मुरगूडची एसटी धरली. गावातून चालत मळ्यापर्यंत गेलो, घर विचारत. तिनं मला लगेच ओळखलं. केस पांढरे व्हायला लागले होते. नवरा बाजारात गेला होता. सासू कधीच वारली होती. छपरात सहा म्हशी होत्या, आणि तेच यंत्र, मी तीनदा वाजवलेलं चाक बसवलेलं. तिनं नव्या सुनेला चहा ठेवायला सांगितला आणि माझ्यासाठी डाव्या हातानं घोंगडं पसरलं.

मी सगळं सांगितलं. खंडेनवमीचा पाट सांगितला, न वाजवलेलं चाक, हळदीचा अंगठा, दुसऱ्या दिवशी लिहिलेलं ‘ठीक’. तुकड्याची काळी बाजू सांगितली, आणि ते तुकडे मीच भट्टीत टाकले हेही. शेवटी म्हणालो, “चाक आधी मोडलं, वहिनी. तुमचा हात बाहेरच होता. तुम्ही खरं बोलत होता. मी खोटं बोललो.”

तिनं रागवावं, हाकलून द्यावं, अशी माझी तयारी होती. खरं सांगायचं तर माझी तशी इच्छाच होती.

ती माझ्याकडं काळजीनं बघत होती.

“न्हाई वो दादा,” ती म्हणाली. “हात मीच घातला. धांदरटपणा माझाच.”

“नाही, वहिनी.”

“मला चांगलं आठवतंय की. पेंडी अडाकली म्हणून हात आत घातला. उजव्या हातात जोडाचा गोठ हुता, त्यो पात्यात गावला. मग चाक मोडलं.”

“उजव्या हातात गोठ नव्हता. तुम्हीच मला सांगितलं होतं, ऑफिसात, डावा हात पुढं करून. जोड नणंदेच्या लग्नात मोडला होता.”

तिनं डाव्या मनगटातल्या गोठाकडं बघितलं, आठवून बघितल्यासारखं केलं आणि मान हलवली. “तवा मी शुद्धीवर कुटं हुती? काय बी बोलली आसंल. नंतर समदं आठवलं मला. तुमी कशाला मनाला लावून घेतासा? एवढ्या लांबनं आलासा.”

मी पुन्हा सांगायला लागलो. तिनं ऐकून घेतलं, दुखणेकऱ्याचं ऐकावं तसं. मग म्हणाली, “सुनंला आल्या आल्या पैलं हेच सांगितलं. वस्तीवरच्या समद्या पोरींस्नी सांगती. मशिनीचा काय दोष न्हाई, आपला हात आपुन सांबाळायचा. माझं बघा म्हंती.”

सून चहा घेऊन आली. कप ठेवून ती छपराकडं वळली, धारेच्या आधी कुट्टी करायची होती. यंत्रापाशी तिनं दोन्ही हातांतल्या हिरव्या बांगड्या कोपराकडं वर सारल्या, खुंटीवरची दोन फडकी काढली आणि बांगड्यांवर एकेक गुंडाळून दातांनी गाठ आवळली. सवयीचं काम होतं, तिला बघावंही लागलं नाही. मग तिनं बटण दाबलं आणि चाक फिरायला लागलं. चाकावर झाकण नव्हतं. ती दोन फडकी माझ्यामुळं होती.